टोटल लॉस झालेली गाडी घेतली, तर क्लेमचं काय?

कोपरगावहून बोलतोय. आजचा एपिसोड सेकंडहँड गाडी शोधणाऱ्यांसाठी आहे, आणि ज्यांनी आधीच घेतलीय त्यांच्यासाठी तर जास्तच.

येसगावच्या एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आलाय. त्याने सहा वर्षं जुनी हॅचबॅक घेतली, साडेतीन लाखांना. सर्व्हिसिंगला नेली तर मेकॅनिक म्हणाला, "ही पाण्यातून निघालेली गाडी आहे, बहुतेक टोटल लॉस झालेली." आता त्याचा प्रश्न असा: "दादा, इन्शुरन्स तर फुल आहे. पण उद्या काही झालं तर पैसे पूर्ण मिळतील का?"

उत्तर देतो, पण आधी टोटल लॉस म्हणजे काय ते बघू.

तुमच्या पॉलिसीवर आयडीव्ही नावाचा आकडा असतो. गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण गेली तर कंपनी जास्तीत जास्त किती देणार, तो हा आकडा. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांपेक्षा जास्त निघाला, की गाडी टोटल लॉस धरतात. समजा आयडीव्ही ४ लाख आहे आणि खर्च निघाला ३ लाख २० हजार. ३ लाखांची रेषा ओलांडली, म्हणजे टोटल लॉस.

आता सांगाड्याला भंगारवाल्याने १ लाख २० हजारांची बोली लावली. मालकाने सांगाडा कंपनीला दिला तर त्याला ४ लाख. स्वतःकडे ठेवला तर २ लाख ८० हजार. दोन्हीकडे हजार-दोन हजारांची सक्तीची वजावट असते, ती सोडून द्या.

खरी गोष्ट इथून पुढे सुरू होते. तो सांगाडा कुणीतरी घेतो, स्वस्तात ठोकून-रंगवून उभा करतो आणि "सिंगल ओनर, नॉन-ॲक्सिडेंटल" म्हणून विकतो. गाडी कायमची निकामी झाली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे मालकाने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, म्हणजे नोंदणी रद्द होते. पण दुरुस्त होण्यासारखा सांगाडा बऱ्याचदा चालू आरसीसकट विकला जातो, आणि तो कायदेशीरपणे पुन्हा रस्त्यावर येतो.

ब्रिटनमध्ये अशा गाडीवर कायमचा शिक्का बसतो. २०१७ पासून तिथे 'एस' आणि 'एन' अशा कॅटेगरी आहेत: सांगाड्याला मार लागला असेल तर एस, नसेल तर एन. तिथे क्लेम त्या दिवसाच्या बाजारभावाने मिळतो, आणि शिक्क्याच्या गाडीचा भाव कमी. म्हणजे जुना शिक्का थेट तुमच्या पैशातून कापला जातो.

आपल्याकडे आरसीवर असा शिक्का नाही. माझ्या कामाच्या भाषेत सांगायचं तर, डेटाबेसमध्ये तो कॉलमच नाही. एम-परिवहनवर नोंदणीची तारीख दिसते, बोजा दिसतो, इन्शुरन्स कधीपर्यंत आहे ते दिसतं. क्लेमचा इतिहास दिसत नाही. आणि क्लेम मिळतो तो आयडीव्हीवर. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये धर्मेंद्र गोयल विरुद्ध ओरिएंटल इन्शुरन्स या प्रकरणात सांगितलंय, की कंपनीने एकदा किंमत मान्य करून त्यावर प्रीमियम घेतला, तर क्लेमच्या वेळी मनाला येईल तशी ती खाली आणता येत नाही.

मग आपला येसगावचा भाऊ निवांत झाला का? नाही. शिक्का नसला तरी तीन ठिकाणी अडू शकतं.

एक, जुनं नुकसान. सर्व्हेअर आधीच्या अपघाताचं किंवा पाण्याचं नुकसान वेगळं काढतो, आणि त्याचे पैसे मिळत नाहीत. पाण्यात बसलेल्या गाडीचं वायरिंग दोन वर्षांनी जळालं, तर वाद हमखास.

दोन, तुम्ही दिलेली माहिती. विमा हा परस्पर विश्वासाचा करार मानतात. गाडी पूर्वी टोटल लॉस झाली हे माहीत असून लपवलं, तर कंपनी क्लेम नाकारायला त्याचाच आधार घेऊ शकते.

तीन, गाडीची ओळख. २०२१ मध्ये नवी मुंबई पोलिसांनी एक टोळी पकडली. पुरात भिजलेल्या चारशेहून जास्त नव्या गाड्या भंगार म्हणून घेतल्या, चेसिस नंबर बदलले आणि वेगवेगळ्या राज्यांत विकल्या. अशी गाडी पोलिसांनी जप्त केली, तर हातातल्या पॉलिसीचा काय उपयोग? नोंदणी रद्द झालेल्या गाडीचंही तेच.

आता करायचं काय?

घेण्याआधी विक्रेत्याकडे मागच्या तीन वर्षांच्या पॉलिसी मागा. टोटल लॉसचा क्लेम दिला की ती पॉलिसी तिथेच संपते, म्हणून मध्ये काही महिन्यांचा खड्डा दिसला तर कारण विचारा. पाच वर्षं जुन्या गाडीवर नो क्लेम बोनस शून्य असेल, तरी विचारा. अधिकृत सर्व्हिस सेंटरला चेसिस नंबर देऊन हिस्टरी मागा. सीट बेल्ट पूर्ण बाहेर ओढा, टोकाला गाळाची रेघ दिसते. स्टेपनीच्या खाली बघा, सीटच्या रुळांवर गंज बघा. गोदाकाठच्या माणसाला पुराचा गाळ ओळखायला शिकवावं लागत नाही.

घेतल्यावर श्रीरामपूर आरटीओत आरसी नावावर करा, आणि १४ दिवसांच्या आत पॉलिसीही. पॉलिसी जुन्याच मालकाच्या नावावर राहिली, तर तुमच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम तिथेच अडतो.

आणि येसगावच्या भावा, तू आजच कंपनीला ईमेल कर. मेकॅनिकने काय सांगितलं ते लिही, गाडीची तपासणी करून घ्या म्हण, आणि उत्तर लेखी घे. आयडीव्ही थोडी कमी होईल, कदाचित प्रश्न विचारतील. होऊ दे. साडेतीन लाखांचा कागद क्लेमच्या दिवशी निकामी ठरण्यापेक्षा तीन लाखांचा पक्का कागद बरा. विक्रेत्याने "नॉन-ॲक्सिडेंटल" लिहिलेली जाहिरात आणि व्हॉट्सॲप चॅट जपून ठेव. त्याच्यावर ग्राहक आयोगात जायचं झालं तर तोच पुरावा.

क्लेम नाकारला किंवा कमी दिला, तर सर्व्हेअरच्या रिपोर्टची प्रत मागायची. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करायची. तिथे न्याय मिळाला नाही तर आपल्या जिल्ह्यासाठी विमा लोकपालांचं ऑफिस पुण्यात आहे. तिथे फी लागत नाही, वकीलही लागत नाही.

समृद्धीवर गाडी घालण्याआधी टायर बघतो ना आपण? तसाच गाडीचा भूतकाळही बघा. घरात कुणी जुनी गाडी बघत असेल, तर टोकन देण्याआधी हा एपिसोड त्यांना पाठवा. भेटू पुढच्या वेळी!