खोल समुद्रात विहीर खोदणारं जहाज

ड्रिलशिप म्हणजे समुद्राच्या तळाखाली तेल आणि वायूच्या विहिरी खोदणारं जहाज. लांबी सव्वादोनशे मीटरच्या पुढे, बांधा मालवाहू जहाजासारखाच. फरक असा की मधोमध साठ-सत्तर मीटर उंचीचा पोलादी मनोरा असतो, त्याला डेरिक म्हणतात, आणि त्याच्या बरोबर खाली जहाजाच्या बुडातून आरपार चौकोनी भोक ठेवलेलं असतं. हे भोक म्हणजे मूनपूल. विहिरीचं सगळं सामान याच वाटेने पाण्यात उतरतं. इतर जहाजांची परीक्षा ती कुठवर आणि किती लवकर जातात यावरून होते, याची होते एका जागी किती नेमकं उभं राहतं यावरून. त्याच्यावरची बहुतेक सगळी यंत्रणा दोन कामांसाठी असते. विहिरीच्या डोक्यावरून हलायचं नाही, आणि खडकातला दाब वर उसळू द्यायचा नाही.

मुंबईच्या पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटरवर असलेल्या मुंबई हायमध्ये १९७४ साली 'सागर सम्राट'ने तेल शोधलं, तेव्हा असं जहाज लागलं नाही. तिथे पाणी शंभर मीटरसुद्धा खोल नाही, त्यामुळे समुद्रतळावर पाय टेकवून उभं राहणारं जॅक-अप रिग पुरलं. पूर्व किनाऱ्यापलीकडच्या खोल पाण्यात हे चालत नाही. महाबळेश्वर आणि त्र्यंबकेश्वरला उगम पावणाऱ्या कृष्णा आणि गोदावरी यांनी लक्षावधी वर्षं वाहून नेलेला गाळ बंगालच्या उपसागराच्या उतारावर फार खोलवर साचला आहे, आणि वायूचे साठे त्या गाळाच्या थरांत आहेत. 'धीरूभाई डीपवॉटर केजी-२' या ड्रिलशिपने २०११ मध्ये भारताच्या समुद्रात ३,१०७ मीटर खोल पाण्यात काम केलं. तेव्हा तो जागतिक विक्रम होता. २०२१ मध्ये अंगोलाच्या समुद्रात ३,६२८ मीटर पाण्यात विहीर खोदली गेली.

एवढ्या खोलीवर नांगराचा उपयोग नाही. त्याऐवजी जहाजाच्या बुडाशी साधारण सहा थ्रस्टर असतात. हे विजेवर चालणारे पंखे कोणत्याही दिशेला वळतात आणि एकेकाची ताकद चार-पाच मेगावॉट असते. वारा, लाटा आणि प्रवाह जहाजाला जेवढं ढकलतील तेवढंच हे पंखे उलट बाजूने ढकलतात. या पद्धतीला डायनॅमिक पोझिशनिंग म्हणतात, जहाजावरच्या बोलीत नुसतं डीपी. १९६१ मध्ये मेक्सिकोच्या ग्वादालुपे बेटाजवळ 'कस-१' या जहाजाने साडेतीन हजार मीटरहून खोल पाण्यात समुद्रतळाला भोक पाडलं, तेव्हा चार पंख्यांची दिशा आणि जोर माणूस हाताने सांभाळत होता. त्याच वर्षी 'युरेका' या जहाजावर हे काम स्वयंचलित यंत्रणेकडे गेलं.

आज जहाजाला आपली जागा दोन स्वतंत्र वाटांनी कळते. आकाशातून उपग्रहांचे संदेश येतात, आणि समुद्रतळावर ट्रान्सपाँडर ठेवलेले असतात. जहाजातून ध्वनीचा संदेश खाली जातो आणि ट्रान्सपाँडर त्याला उत्तर देतो. पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे दीड हजार मीटर जातो, म्हणजे तीन हजार मीटर खोलीवरून उत्तर यायला चार सेकंद लागतात. या मधल्या वेळात जहाज कुठे असेल याचा अंदाज संगणक गणिताने बांधत राहतो, आणि नवं मोजमाप आलं की तो दुरुस्त करतो. हे गणित कालमन फिल्टर या नावाने ओळखलं जातं. लाटेगणिक होणारी डुलण्याची हालचाल थोपवायचा प्रयत्न संगणक करतच नाही, कारण त्यात इंधन जळेल आणि यंत्रं झिजतील. तो फक्त हळूहळू वाहत जाणं रोखतो. वाऱ्याचं तसं नाही. जोराचा झोत वारामापकावर दिसला की जहाज सरकण्याआधीच थ्रस्टरांना हुकूम जातो.

खोल पाण्यात जागा धरणं अवघड आणि उथळ पाण्यात सोपं, असं वाटणं साहजिक आहे. प्रत्यक्षात उलट आहे. महत्त्व असतं ते जहाजापासून विहिरीपर्यंत गेलेला पाइप किती अंशांनी कलला याला. तीन हजार मीटर पाण्यात जहाज तीस मीटर सरकलं तर कल अर्ध्या अंशाच्या आसपास असतो. तीनशे मीटर पाण्यात तेवढंच सरकलं तर तो साडेपाच अंशांच्या पुढे जातो, आणि काम थांबवून पाइप सोडवावा लागतो.

थ्रस्टर विजेवर चालतात, तेव्हा वीज जाणं हा इथला सर्वांत मोठा धोका. म्हणून एकूण चाळीसेक मेगावॉटचे डिझेल जनरेटर दोन-तीन वेगवेगळ्या इंजिनरूममध्ये विभागलेले असतात. मध्ये आग आणि पाणी रोखणाऱ्या भिंती, प्रत्येक गटाला स्वतंत्र स्विचबोर्ड, इंधन आणि थंड पाण्याच्या नळ्याही वेगळ्या. डीपी-३ या वर्गाची अट कडक आहे. एक पूर्ण कप्पा जळाला किंवा बुडाला, तरी उरलेल्या यंत्रणेवर जहाजाने जागा सोडता कामा नये.

डेरिकवर सगळं वजन पेलणारी यंत्रणा असते. ड्रॉवर्क्स नावाची अजस्र विंच हजार टनांच्या आसपासचा भार उचलू शकते. तिच्या दोरांवर टॉप ड्राइव्ह लटकतो, आणि हीच मोटार ड्रिल पाइपची संपूर्ण माळ फिरवते. पाइप एकमेकांना जोडण्याचं काम पूर्वी कामगार साखळ्या आणि मोठे पाने घेऊन करत. त्यात कित्येकांनी बोटं गमावली. आता ते काम आयर्न रफनेक हे यंत्र करतं, आणि ड्रिलर काचेच्या केबिनमध्ये खुर्चीवर बसून जॉयस्टिकने ते चालवतो. हा बदल केवळ वेगासाठी झालेला नाही, तो माणसाच्या हातापायांसाठी झाला आहे. जहाज लाटेबरोबर वर-खाली होतं, तेव्हा पाइपच्या टोकाची छिन्नी खडकावरून उचलली जाऊन पुन्हा आपटू नये म्हणून हीव्ह कॉम्पेन्सेटर असतो. जहाज वर गेलं की तो पाइपला तेवढंच खाली सोडतो, जहाज खाली आलं की वर ओढतो.

विहिरीची सुरुवात उघड्या पाण्यातच होते. समुद्रतळावरचा गाळ मऊ असतो, म्हणून ३६ इंच व्यासाचा पाइप पाण्याच्या झोताने त्यात रुतवतात. त्याच्या आतून आणखी खोल खोदून दुसरा पाइप सोडतात आणि भोवती सिमेंट भरतात. या पाइपांना केसिंग म्हणतात. दुसऱ्या केसिंगच्या माथ्यावर वेलहेड असतं. इथवर खोदलेला चुरा तळावरच पडतो. पुढे मात्र विहीर आणि जहाज यांच्यात बंदिस्त वाट लागते, आणि ती वाट म्हणजे रायझर. एकवीस इंच व्यासाचे, पंचवीसेक मीटर लांबीचे तुकडे एकाला एक जोडत शंभराहून अधिक तुकड्यांची ही नळी मूनपूलमधून खाली जाते. तिची लांबी आणि जाडी यांचं प्रमाण पाहिलं तर ती एक मिलिमीटर जाडीच्या सुमारे सहा मीटर लांब दोऱ्यासारखी आहे. असा दोरा सरळ राहायचा तर वरून ताणून धरावा लागतो. म्हणून डेकवर टेन्शनर असतात, आणि रायझरभोवती फोमचे जाड कवच लावून त्याचं पाण्यातलं वजन कमी केलेलं असतं.

रायझरच्या खालच्या टोकाला, वेलहेडवर, बीओपी म्हणजे ब्लोआउट प्रिव्हेंटर बसतो. या जहाजाचं सर्वांत मोलाचं यंत्र कोणतं, असं विचारलं तर बोट डेरिककडे नव्हे, इकडे जायला हवं. पंधरा मीटरच्या आसपास उंचीचा आणि साडेतीनशे टनांच्या घरातला हा झडपांचा मनोरा आहे. वरच्या भागात रबराचं जाड कडं असतं. ते आवळलं की कोणत्याही जाडीच्या पाइपभोवती घट्ट बसतं. त्याखाली रॅम असतात, म्हणजे समोरासमोरून येऊन भिडणारे पोलादी ठोकळे. काही रॅम पाइपभोवती बंद होतात. एक जोडी धारदार पात्यांची असते, ती पाइप कापून विहीर पूर्ण बंद करते. रॅमचा मूळ नमुना १९२२ साली जेम्स अबरक्रॉम्बी आणि हॅरी कॅमेरॉन यांनी टेक्सासमध्ये जमिनीवरच्या विहिरींसाठी तयार केला. समुद्रतळावरच्या बीओपीला हुकूम पोचवणाऱ्या पेट्या दोन असतात, एक पिवळी आणि एक निळी. दोन्ही तेच काम करतात, एक बंद पडली तर दुसरी आहे म्हणून.

बीओपी हा शेवटचा उपाय. रोजचा दाब सांभाळतो तो मड. पाणी किंवा कृत्रिम तेल, बेंटोनाइट माती आणि बॅराइटची भुकटी यांचं हे मिश्रण ड्रिल पाइपमधून खाली जातं, छिन्नीच्या तोंडातून बाहेर पडतं, आणि खडकाचा चुरा घेऊन पाइपबाहेरच्या पोकळीतून, पुढे रायझरमधून जहाजावर परत येतं. बॅराइट जड असतं, त्याच्या प्रमाणावर मडचं वजन ठरतं. आंध्र प्रदेशातल्या मंगमपेट इथला बॅराइटचा साठा जगातल्या मोठ्या साठ्यांपैकी एक आहे, आणि तिथला माल परदेशातल्या तेलक्षेत्रांतही जातो. परत आलेला मड शेल शेकरच्या थरथरत्या जाळ्यांवरून जातो. चुरा वर राहतो, मड टाक्यांत उतरतो आणि पंप तो पुन्हा खाली पाठवतात. जाळीवरचा चुरा भूशास्त्रज्ञ वेचून धुतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात.

मडचं वजन ठरवणं ही खोल पाण्यातली सर्वांत कसोटीची गोष्ट आहे. मड हलका पडला तर खडकातला वायू विहिरीत शिरतो. जड झाला तर खडक फुटतो आणि मड भेगांमध्ये निघून जातो. जमिनीवर या दोन मर्यादांमध्ये बऱ्यापैकी अंतर असतं. खोल समुद्रात वरचे तीन हजार मीटर खडकाऐवजी पाणी असतं. पाण्याचं वजन खडकापेक्षा कमी, त्यामुळे तळाखालचा खडक कमी दाबलेला आणि कच्चा असतो. दोन्ही मर्यादा जवळ येतात. म्हणून थोडं खोदायचं, केसिंग आणि सिमेंट घालून तो टप्पा बंद करायचा, मड बदलायचा आणि पुढे जायचं, असं अनेकदा करावं लागतं. प्रत्येक टप्प्याला विहीर अरुंद होत जाते.

वायू विहिरीत शिरला की त्याला किक म्हणतात. किकची पहिली खूण साधी असते. जेवढा मड खाली पाठवला त्यापेक्षा जास्त परत येतो, टाकीतली पातळी चढते. ती वेळीच दिसली तर बीओपी बंद करून, जड मड भरून, शिरलेला वायू चोक नावाच्या झडपेतून सावकाश बाहेर काढता येतो. एकदा वायू बीओपीच्या वर रायझरमध्ये पोचला की तो फुगत फुगत वर येतो, आणि अडवायला मध्ये काही उरत नाही.

२० एप्रिल २०१० रोजी मेक्सिकोच्या आखातात 'डीपवॉटर होरायझन'वर नेमकं हेच झालं. ते ड्रिलशिप नव्हतं, तरंगतं रिग होतं, पण यंत्रणा याच जातीची होती. विहीर बंद करण्यापूर्वी तळाचं सिमेंट टिकतं का हे पाहण्यासाठी दाबाची चाचणी घेतली गेली. बीओपीपासून रिगवर येणाऱ्या किल लाइन या बारीक नळीतून काहीच वाहत नव्हतं, पण ड्रिल पाइपवर १,४०० पीएसआय दाब दिसत होता. दोन आकडे एकमेकांशी जुळत नव्हते. रिगवरच्या लोकांनी त्याचं एक स्पष्टीकरण दिलं आणि चाचणी यशस्वी धरली. रात्री विहिरीने मड बाहेर फेकला, वायूने पेट घेतला, आणि अकरा माणसं गेली. बीओपीची पाती बंद झाली, पण विहिरीतल्या दाबाने पाइप वाकून एका कडेला गेला होता, तो पात्यांच्या पूर्ण कचाट्यात आला नाही. अमेरिकेच्या केमिकल सेफ्टी बोर्डाच्या तपासात दोन्ही पेट्यांमध्ये चुकीचं वायरिंग आणि उतरलेल्या बॅटऱ्या आढळल्या. एक बंद पडली तर दुसरी, हा हिशेब कागदावर बरोबर होता. दोन्ही पेट्या त्याच पद्धतीने जोडल्या आणि तपासल्या जात असतील, तर एकीतली चूक दुसरीतही असू शकते. त्या अकरा जणांच्या घरच्यांसाठी ही बाब तांत्रिक नाही. तेल ८७ दिवस वाहत राहिलं. मे महिन्यात गळतीवर पोलादी घुमट ठेवून पाहिला, तेव्हा थंड पाण्यात वायूचे बर्फासारखे हायड्रेट तयार होऊन त्याचं तोंडच बुजलं.

जहाजाने जागा सोडायला सुरुवात केली तर काय करायचं, हेही आधीच ठरलेलं असतं. विहिरीभोवती पिवळं आणि लाल अशी दोन वर्तुळं आखलेली असतात. पिवळं ओलांडलं की खोदणं थांबतं. लाल ओलांडलं की एक बटण दाबलं जातं, आणि मिनिटाभराच्या आसपास पाती पाइप कापतात, विहीर बंद होते आणि बीओपीचा वरचा भाग रायझरसकट सुटतो. अवघड भाग बटणात नाही. रायझरमधल्या मडचं वजन त्या क्षणी विहिरीवरून निघून जातं, म्हणून खाली उरलेल्या झडपांना एकट्याने दाब धरावा लागतो.

अशा जहाजावर दीडशे-दोनशे माणसं असतात आणि काम बारा-बारा तासांच्या पाळ्यांत चालतं. शिक्षणाच्या अनेक वेगवेगळ्या शाखांना तिथे जागा आहे. जनरेटर विद्युत अभियंत्यांकडे, बीओपी समुद्रतळावरची यंत्रणा सांभाळणाऱ्या सबसी इंजिनिअरकडे, मडची तपासणी रसायनशास्त्र शिकलेल्या मड इंजिनिअरकडे, डीपी नौकानयनाचं शिक्षण घेतलेल्या अधिकाऱ्यांकडे. समुद्रतळावर सुमारे तीनशे बार दाब असतो, तिथे पाणबुड्या जाऊ शकत नाही. डोळे आणि हात म्हणून केबलला जोडलेलं आरओव्ही हे दूरनियंत्रित यंत्र उतरतं, आणि गरज पडली तर त्याच्या यांत्रिक हाताने बीओपीची झडप थेट बंद करता येते.

खोदकाम संपल्यावर विहिरीत ठिकठिकाणी सिमेंटचे बूच भरतात आणि प्रत्येक बूच दाब देऊन तपासतात. मग बीओपी वेलहेडवरून सोडवून रायझरबरोबर वर ओढतात. शंभराहून अधिक तुकडे एकेक करून सुटे करायला काही दिवस जातात. डेकवर बीओपी उघडून रबरं बदलतात, पाती आणि बॅटऱ्या तपासतात, दोन्ही पेट्यांचं वायरिंग नकाशाशी ताडून पाहतात. हे सगळं नोंदवहीत उतरल्यावर जहाज पुढच्या विहिरीकडे निघतं.