आता घरांच्या छपरांकडे पाहू या
(कलशारोहणप्रसंगी केलेले भाषण)



ग्रामदेवतेच्या कृपेने व आपणा सर्वांच्या श्रमाने मंदिराचा जीर्णोद्धार पार पडला. आता आपल्या जुन्या घरांच्या छपरांकडेही पाहावे, एवढेच सांगण्यासाठी मी उभा आहे.

छप्पर गेले की काय होते, ते आपल्याच महाड तालुक्यात रायगडावर दिसते. मे १८१८ मध्ये इंग्रजांच्या तोफांनी गडावर आग लागली. वाड्यांचे लाकूडकाम जळाले आणि पुढे केवळ जोती व भिंतींचे अवशेष उरले. दगडी बांधणीचे जगदीश्वराचे मंदिर मात्र आजही उभे आहे. राजवाड्यांची ही गत, तर आपल्या मातीच्या भिंतींची काय कथा?

आपल्या घरांचे वैरी म्हणजे पाणी आणि वाळवी. पूर्वी चुलीचा धूर आढ्यापर्यंत जाई, त्यामुळे लाकूड कोरडे राही. दर उन्हाळ्यात घर शाकारताना फुटके कौल नजरेस पडे. आता अनेक घरांना वर्षभर कुलूप असते. एक कौल सरकते आणि दर पावसाळ्यात पाणी त्याच वाशात मुरते. घर फिरले की वासे फिरतात म्हणतात. आपल्याकडे वासे कुजले की घर फिरते.

म्हणून नवी कौले आणण्याआधी लाकूड तपासावे. वाशाचे भिंतीवर टेकलेले टोक आणि वळचणीकडचा भाग आधी कुजतो. तेथे पटाशी टोचून पाहावी; सहज आत शिरली तर वासा बदलावा. कुजक्या वाशांवर नवी कौले घालणे म्हणजे आजाऱ्याच्या डोक्यावर भारा देणे होय. जुना साग किंवा ऐन शाबूत असेल तर तो टाकू नये. कुजके टोक कापून उरलेला तुकडा पडवीला चालतो. पत्रा घालणाऱ्यांनीही खालचे लाकूड पाहावे. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात आपल्या जिल्ह्यात कौले उडाली, तसे पत्रेही उडाले.

मंदिरासाठी आपण श्रमदान केले. तसाच दरवर्षी अक्षय्य तृतीयेच्या सुमारास एक दिवस द्यावा. ज्या घरी एकटी म्हातारी माणसे आहेत, त्यांची छपरे तरुणांनी मृगाआधी पाहावीत; बंद घरांची पाहणी मालकांना विचारून करावी. देवावर छप्पर आले. आता भक्ताच्या डोक्यावरचेही टिकावे, ही ग्रामदेवतेच्या चरणी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.