वाळूतून वर आलेली 'बॅब्ज'

धुळ्याच्या आग्रा रोडवर किंवा जळगावच्या अजिंठा चौफुलीवर जुन्या इंजिनात जीव ओतणारे मिस्त्री आपण पाहतो. आजची गोष्ट त्यांच्यासाठी.

वेल्समधल्या पेंडाइनच्या किनाऱ्यावर एप्रिल 1926 मध्ये पॅरी थॉमस यांनी 'बॅब्ज' ही मोटार ताशी सुमारे 275 किलोमीटर वेगाने पळवून जागतिक विक्रम केला. तिला विमानाचं 27 लिटरचं लिबर्टी इंजिन होतं. शंभर सीसीच्या मोटारसायकलीच्या 270 पट! मागची चाकं साखळीवर फिरत. 3 मार्च 1927 रोजी हातचा गेलेला विक्रम परत मिळवताना थॉमस यांचा अपघाती मृत्यू झाला आणि गाडी तिथेच वाळूत पुरली गेली.

1969 मध्ये ओवेन विन ओवेन या अभियांत्रिकीच्या प्राध्यापकांनी रीतसर परवानग्या काढून ती उकरली. खाऱ्या पाण्यानं पत्रा पार खाल्ला होता. जुनी छायाचित्रं समोर ठेवून त्यांनी एकेक भाग जुळवला. वाचलेला वापरला, उरलेला नव्यानं घडवला. कित्येक वर्षांनी ते इंजिन पुन्हा धडधडलं. माझ्या मते हे काम विक्रमाच्या तोडीचं आहे.

आपल्या खानदेशातही एखाद्या वाड्यात, खळ्यात जुनी गाडी धूळ खात उभी असेल. ती भंगारात घालण्याआधी चेसिस नंबर टिपून घ्या, कागदपत्रं आणि जुने फोटो जपून ठेवा आणि जाणत्या मिस्त्रीला एकदा जरूर दाखवा.