खोल पाण्यातली सांगड



आमच्या मावळात पोरं विहिरीत पोहायला शिकायची ती पाठीला वाळका भोपळा बांधून. दोन-चार भोपळे एकत्र बांधले की झाली सांगड. हाच भोपळा समुद्रात सहा हजार मीटर खोल न्यायचा, तर काय करावं लागेल?

लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच. राजमाची पॉइंटवरून खाली कोकणाकडे पाहताना डोळे फिरतात. त्याच्या दहापट खोली मनात आणा. तिथे करंगळीच्या नखाएवढ्या जागेवर सुमारे ६०० किलोंचा भार, म्हणजे इंद्रायणी तांदळाची क्विंटलची सहा पोती! भोपळ्याचा चुरा होईल, थर्मोकोल चेपून खडा होईल. पोलादाची पोकळ टाकी टिकवायची तर ती इतकी जाड करावी लागते की स्वतःच बुडते. १९६० साली पिकार आणि वॉल्श ‘त्रिएस्त’ या खोल पाण्यातल्या यानातून मारियाना गर्तेच्या तळाशी गेले, तेव्हा त्यांना तारायला पेट्रोलनं भरलेली प्रचंड टाकी लागली.

आता त्या जागी सिंटॅक्टिक फोम वापरतात. काचेच्या पोकळ गोळ्या, केसाच्या जाडीएवढ्या किंवा त्याहून बारीक, इपॉक्सी रेझिनमध्ये कालवून ठोकळा ओततात. एका भोपळ्याच्या जागी कोट्यवधी भोपळे. एक फुटला तरी शेजारचा शाबूत. लिटरभर समुद्राचं पाणी १,०२५ ग्रॅम भरतं, तेवढाच हा फोम साधारण ६०० ग्रॅम. मधल्या फरकावर पाणबुडी वर येते.

काम मात्र चिकाटीचं. जोरात घोटलं तर गोळ्या फुटतात, हलक्या हातानं घोटलं तर बुडबुडे अडकतात. म्हणून निर्वातात कालवायचं. मोठा ठोकळा घट्ट होताना आतून तापतो, घाई केली की तडकतो. शेवटी तो दाबाच्या टाकीत ठेवायचा, बाहेर काढून पुसायचा आणि तोलायचा. वजन मर्यादेपलीकडे वाढलं, म्हणजे पाणी आत शिरलं. ठोकळा बाद.

चेन्नईच्या राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेची ‘मत्स्य ६०००’ ही पाणबुडी तीन माणसांना ६,००० मीटर खाली नेण्यासाठी घडते आहे. माणसांचा टायटॅनियमचा गोल २.१ मीटर व्यासाचा, ८० मिलिमीटर जाड. एवढं धूड वर आणायला असाच फोम हवा. हे काम आपल्यापासून दूरचं मानू नका. घाटमाथ्यावरच्या आयएनएस शिवाजीत १९४५ पासून नौदलाचे अभियंते घडताहेत. समुद्राची विद्या लोणावळ्याला परकी नाही.

मावळातल्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनो, शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाला हा फोम वाटीभर तरी ओतून पाहा. नाकातोंडाला मास्क लावा, आणि पाण्यात टाकण्याआधी त्याचं वजन वहीत लिहून ठेवा.