महाविद्यालयातील व्याख्यानपीठ
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



मंडळाच्या विद्यावर्धक निधीतून येथील महाविद्यालयात दरवर्षी एक सार्वजनिक व्याख्यान व्हावे, असा ठराव आज आपल्यापुढे आहे. त्यास दोन उपसूचना आल्या आहेत : व्याख्याता आपल्या ज्ञातीतील असावा, आणि भाषणाची प्रत मंडळाने आगाऊ पाहावी. देणाऱ्याने दानाच्या विनियोगावर लक्ष ठेवावे हे रास्तच. तथापि या दोन्ही अटींना आमचा विरोध आहे, आणि त्याची कारणे सांगण्यासाठीच आम्ही उभे आहोत.

अमेरिकेत ज्यांना ‘लिबरल आर्ट्‌स कॉलेज’ म्हणतात, ती महाविद्यालये बहुधा लहान असतात. विद्यार्थ्यास एखाद्या धंद्यापुरते तयार करणे हा त्यांचा हेतू नव्हे. साहित्य, इतिहास, तत्त्वज्ञान, गणित आणि सृष्टिविज्ञान यांच्या परिशीलनाने त्याची विचारशक्ती जागी करणे हा होय. बाहेरच्या ग्रंथकारांस व विद्वानांस बोलावण्याची तेथील वहिवाट जुनी आहे. तिचे मर्म उघड आहे. प्राध्यापक शिकवितो आणि परीक्षाही घेतो. पाहुण्या वक्त्याच्या हाती मात्र गुण नसतात, म्हणून त्याला निर्भयपणे प्रश्न विचारता येतो. ज्याचा ग्रंथ वाचला तो ग्रंथकार समोर उभा राहून आपल्या विधानाचे समर्थन करतो, प्रसंगी चूकही कबूल करतो. तेव्हा छापलेला शब्द म्हणजे वेदवाक्य नव्हे, हे विद्यार्थ्याच्या मनावर आपोआप ठसते.

परंतु असा वक्ता यजमानांस रुचेल ते बोलेलच असे नाही. 15 जुलै 1838 रोजी हार्वर्डच्या धर्मशास्त्र विद्यालयात एमर्सन यांचे भाषण झाले. त्यांना बोलावले होते अखेरच्या वर्गाच्या विद्यार्थ्यांनी. प्रचलित ख्रिस्ती धर्म चमत्कारांवर आणि येशूच्या व्यक्तिमाहात्म्यावर फाजील भर देतो, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. मोठे वादळ उठले आणि जवळजवळ तीस वर्षे हार्वर्डने त्यांना पुन्हा व्याख्यानास पाचारण केले नाही. पुढे 1866 मध्ये त्याच संस्थेने त्यांना सन्माननीय पदवी दिली. मधल्या काळात तोटा कोणाचा झाला? एमर्सन यांचा खचित नव्हे. पहिल्या भाषणानंतर अवघ्या नऊ दिवसांनी डार्टमथ कॉलेजातील विद्यार्थ्यांच्या साहित्यमंडळांपुढे ते बोलत होते!

दुसरे उदाहरण याहून बोलके आहे. 1854 च्या जुलै महिन्यात ओहायो राज्यातील हडसन या लहान गावी, वेस्टर्न रिझर्व्ह कॉलेजच्या साहित्यमंडळांनी फ्रेडरिक डग्लस यांना व्याख्यानास बोलावले. डग्लस गुलामगिरीत जन्मले व 1838 मध्ये तीतून निसटले; शाळेची पायरी ते कधी चढले नव्हते. कृष्णवर्णीय मनुष्य हा निराळ्या, हीन वंशाचा प्राणी आहे, असे त्या काळचे काही पंडित ग्रंथ रचून सांगत होते. त्या पंडितांचे मत त्यांनी तेथे शास्त्राच्याच भाषेत खोडून काढले. वक्ता आपल्या वर्णाचा असावा अशी अट त्या तरुणांनी घातली असती, तर ते भाषण तेथे झालेच नसते.

आपल्या देशातही ही परंपरा आहे. पुण्यात 1875 मध्ये न्यायमूर्ती रानडे यांनी वसंत व्याख्यानमाला सुरू केली. आणि दुसरी, खेदाची बाजूही आहे. 1936 मध्ये लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळाने डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना अध्यक्षपद दिले. भाषणाची प्रत वाचून बदल सुचविले. बाबासाहेबांनी एक स्वल्पविरामही बदलण्यास नकार दिला, आणि परिषदच रद्द झाली. ते न झालेले भाषण त्यांनी स्वखर्चाने छापले. ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’ या नावाने ते आजही वाचले जाते. एका ज्ञातिसंस्थेच्या व्यासपीठावर हे उदाहरण देणे कित्येकांस अप्रस्तुत वाटेल. आमच्या मते त्याचे योग्य स्थान हेच.

बंधुभगिनींनो, आमचाही एक अपराध येथे सांगितला पाहिजे. काही वर्षांपूर्वी याच संमेलनासाठी आम्ही एका ग्रंथकारांस निमंत्रण दिले आणि आपल्या विवाहखर्चावरील एक परिच्छेद गाळण्याची विनंती केली. त्यांचे उत्तर सौजन्याचे होते, पण ते आले नाहीत. आम्ही त्या दिवशी सत्काराचे हार वाढविले आणि कार्यक्रम पार पाडला. कोणाचे मन दुखावले नाही, आणि कोणाच्या मनात नवा विचारही आला नाही. तो परिच्छेद आम्ही जपून ठेवला आहे. त्यातील एकही वाक्य खोटे नव्हते.

म्हणून आमची विनंती अशी : निधी द्यावा, पण वक्त्याची निवड महाविद्यालयाने व विद्यार्थ्यांनी करावी. सभागृहाचे दार सर्वांस उघडे असावे, आणि निम्मा वेळ प्रश्नोत्तरांसाठी राखावा. पहिल्या रांगेत आपण बसावे. तेही मानासाठी नव्हे, ऐकण्यासाठी. आपल्या मुलांनी तेथे उठून एक अवघड प्रश्न विचारला, तर आपला पैसा सत्कारणी लागला असे आम्ही समजू.

उपसूचना फेटाळून मूळ ठराव मंजूर करावा, एवढे बोलून आम्ही आपली रजा घेतो.