धर्मगुरूच्या गद्याची कैफियत



तळीये गावच्या या संमेलनाच्या अध्यक्षपदाचा हा तास आयुष्यात एकदाच मिळतो आणि तो आभारप्रदर्शनात खर्च करण्याचा माझा मानस नाही. २७ वर्षांपूर्वी एका संस्थेने निबंधसंग्रहासाठी माझ्याकडून फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या गद्यावर लेख मागविला आणि 'प्रवचन हे साहित्य नव्हे' एवढा एकच शेरा मारून तो परत केला, हे प्रकरण तुम्हां सर्वांस ठाऊक आहे. तो कागद माझ्या दप्तरात अजून आहे. त्याचा फैसला आज होऊ द्या.

ज्या भाषेतील ज्ञानेश्वरी नेवाशास श्रोत्यांपुढे बोलत बोलत सिद्ध झाली, जिच्यात फादर स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण १६१६ साली छापून निघाले, आणि जिचा दासबोध, परंपरा सांगते त्याप्रमाणे, आपल्याच महाड तालुक्यातील शिवथरघळीत लिहिला गेला, त्या भाषेच्या वाङ्मयातून प्रवचनाला हद्दपार करण्याचा अधिकार असा शेरा मारणाऱ्यांना कोणी दिला? कवी रेव्हरंड टिळकांचीही गत तीच. त्यांच्या पत्नीची 'स्मृतिचित्रे' वाचून त्यांच्या विक्षिप्तपणाचे किस्से सांगणारे घरोघर सापडतात. 'ज्ञानोदय' नियतकालिकातील त्यांचे लेखन उघडून पाहणारा मला क्वचितच भेटला. मराठी समीक्षेला जडलेल्या निम्म्या व्याधींचे मूळ या एका शेऱ्यात आहे, असे माझे मत आहे आणि ते मी मागे घेणार नाही.

वसईच्या नंदाखाल गावी १९४२ साली जन्मलेल्या दिब्रिटो या धर्मगुरूने 'सुवार्ता' मासिकाला चर्चच्या आवारातून उचलून मराठी वाचकाच्या ओसरीवर आणले, वर्षानुवर्षे खपून 'सुबोध बायबल' सिद्ध केले, आणि वसईच्या विहिरी, बागा व जमिनी गिळंकृत होऊ लागल्या तेव्हा हरित वसई संरक्षण समितीच्या लढ्यात, दहशतीची पर्वा न करता, तो रस्त्यावर उतरला. २०२० च्या जानेवारीत उस्मानाबादच्या ९३ व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले, तेव्हा त्यांच्या झग्याकडे बोट दाखविणाऱ्यांनी त्यांच्या पुस्तकाचे एक पान तरी उलटले होते काय? त्यांतील काही गृहस्थ आजही समित्यांवर विराजमान आहेत. त्यांची नावे घेऊन या मंडपाला मी विटाळ लावीत नाही. आपल्यातले काही स्नेही त्या वेळी मौन राहिले. त्यांच्या अडचणी मी जाणतो, त्यांच्याविषयी माझ्या मनात किल्मिष नाही.

२२ जुलै २०२१ रोजी येथील कोंडाळकर वाडीवर डोंगर कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली, तेव्हा मी महाडात पोटमाळ्यावर अडकलो होतो आणि खालच्या खोलीत पुराचे पाणी होते. पाणी ओसरल्यावर येथे आलो. चिखलाच्या कडेला एक वृद्ध गृहस्थ बसले होते, त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाले, "मास्तर, काय तरी बोला." आयुष्यभर मुलांना निबंध शिकविलेल्या मला एक वाक्य सुचले नाही. मी त्यांच्याजवळ बसून राहिलो, एवढेच.

असे वाक्य धर्मगुरूला दर आठवड्यास, कोणाच्या तरी अंथरुणाशी, कोणाच्या तरी कबरीशी शोधावे लागते, आणि ऐकणाऱ्याचे दुःख इतके ताजे असते की खोटा शब्द त्याला तत्क्षणी कळतो. याहून कठोर समीक्षक कोणत्या लेखकाच्या वाट्यास येतो? दिब्रिटोंचे गद्य त्या कसोटीवर घासून निघालेले आहे. विहिरीसाठी लढणे आणि शोकाकुल माणसाशेजारी बसणे हे त्यांच्या लेखी एकाच सेवेचे भाग होते. पोलादपूर-महाडच्या घाटांत आजही यंत्रांनी डोंगरांचे पाय खणले जात आहेत. त्या उतारांखाली नांदणाऱ्या वाड्यांसाठी आपल्यातील किती लेखकांनी मामलेदार कचेरीत एक दरखास्त दिली आहे? मी तीन दिल्या आहेत. चौथी या मंडपातून, तुमच्या सह्यांनिशी जावी, अशी माझी इच्छा आहे.

२५ जुलै २०२४ रोजी फादर गेले. त्यांचे 'सुवार्ते'तील निवडक लेखन या संमेलनाने ग्रंथरूपाने काढावे आणि त्याच्या प्रस्तावनेत तो एका ओळीचा शेरा, संस्थेचे नाव वगळून, शब्दशः छापावा, असा ठराव मी अध्यक्षस्थानावरून मांडीत आहे. अनुमोदन कोण देतो?