खेळाच्या तासाची मोजदाद
(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांनी दिलेले व्याख्यान)



आजच्या व्याख्यानासाठी मला नेमून दिलेला विषय 'गावातील क्रीडाविकास : संशोधन व प्रत्यक्ष कार्य' असा आहे. नाव भारदस्त आहे. ते ऐकून आपणांपैकी काहींच्या मनात आले असेल की, संशोधन हे विद्यापीठांचे काम. आपल्या वाट्यास आले आहे ते दोन-तीन वर्ग सांभाळून शेवटच्या तासाला शिट्टी वाजविणे. ही समजूत मला मान्य नाही. ती का मान्य नाही, हे एका दूरदेशीच्या उदाहरणाने सांगतो.

कॅनडात बर्फावरील हॉकीचा खेळ फार लोकप्रिय आहे. १९८० नंतरच्या दशकात रॉजर बार्न्सली नावाचे मानसशास्त्रज्ञ अशा एका सामन्यास सहकुटुंब गेले होते. हातातील कार्यक्रमपत्रिका चाळताना त्यांच्या पत्नीच्या ध्यानात आले की, खेळाडूंपैकी पुष्कळांचा जन्म जानेवारी, फेब्रुवारी व मार्च या महिन्यांतील आहे. पुढे बार्न्सली व त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक संघांच्या याद्या तपासल्या, तेव्हा हाच प्रकार सर्वत्र आढळला. त्यांचा निबंध १९८५ साली प्रसिद्ध झाला. कारण साधे होते. तेथे मुलांचे वयोगट १ जानेवारी ही तारीख धरून पाडतात. एकाच गटातील जानेवारीचा मुलगा डिसेंबरच्या मुलाहून जवळजवळ एका वर्षाने मोठा असतो. त्याच्या अंगी उंची व बळ अधिक असते आणि निवडणारे त्यालाच कौशल्य समजतात. एकदा निवड झाली की त्याला अधिक सराव व अधिक सामने मिळतात. प्रारंभी जे केवळ वयाचे अंतर होते, ते काही वर्षांनी खरोखरच कौशल्याचे अंतर होऊन बसते. मागे राहिलेला मुलगा मात्र आपणांस खेळ येत नाही असे समजून मैदान सोडतो.

हे संशोधन ज्या साधनाने सुरू झाले, ते प्रत्येक प्रेक्षकाच्या हाती होते. आपल्या हाती त्याहून उत्तम साधन आहे. ते म्हणजे शाळेचे जनरल रजिस्टर. केंद्राच्या स्पर्धेसाठी आपण जो खो-खोचा संघ निवडला असेल, त्यातील मुलांच्या जन्मतारखा रजिस्टरात पाहाव्यात आणि वर्गातील इतर मुलांच्या तारखांशी ताडून पाहाव्यात. (आमच्या पिढीच्या दाखल्यांवर हा प्रयोग साधणार नाही. त्या काळी गुरुजींनी अर्ध्या गावाचा जन्म १ जूनलाच लावून दिला आहे! आजची मुले सुदैवाने जन्मदाखला घेऊन येतात.) एका शाळेच्या यादीवरून सिद्धांत निघत नाही, हे खरे. पण ज्या मुलास आपण 'कच्चा' म्हणून बाजूस काढले, तो केवळ दहा महिन्यांनी लहान आहे, एवढे जरी दिसून आले तरी पुढील निवडीच्या वेळी आपला हात क्षणभर थांबेल.

आता निवडीकडून नित्याच्या तासाकडे वळू. समजा, वर्गात ३६ मुले आहेत आणि एकच खो-खो मांडला आहे. पाठलाग करणारा एक, पळणारे तीन. आठ जण पाटीवर बसलेले. ते निदान सावध तरी असतात. उरलेली २४ मुले काय करतात? ती कडेला उभी राहून ओरडतात, आणि आपण अहवालात 'सर्व मुलांनी खेळात उत्साहाने भाग घेतला' असे लिहितो. अमेरिकेतील ओहायो राज्य विद्यापीठात डॅरिल सीडेनटॉप व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० नंतरच्या काळात शारीरिक शिक्षणाच्या तासांचे निरीक्षण करण्याची एक पद्धत बसविली. तास किती मिनिटांचा होता, हा त्यांचा प्रश्न नव्हता. एकेक मूल त्या तासात प्रत्यक्ष किती वेळ खेळले, हे त्यांनी मोजले. तासाचा मोठा भाग रांगेत थांबण्यात, सूचना ऐकण्यात व साहित्याची वाट पाहण्यात जातो, असे अशा निरीक्षणांत वारंवार आढळले. ज्याला सरावाची गरज अधिक, त्याच्याच वाट्याला तो सर्वांत कमी येतो.

यावर उपाय परदेशातून आणावयास नको. आपल्या हुतूतूचे पूर्वी तीन प्रकार प्रचलित होते : संजीवनी, गामिनी आणि अमर. गामिनीत बाद झालेला गडी सारा संघ बाद होईपर्यंत बाहेर बसे. संजीवनीत प्रतिपक्षाचा गडी बाद झाला की आपला एक गडी जिवंत होई. आजच्या स्पर्धांतील कबड्डीत हेच तत्त्व आहे. अमर प्रकारात मात्र गडी बाद होऊन बाहेर जातच नसे. प्रतिपक्षास गुण मिळे आणि तो आत खेळत राही. स्पर्धांच्या रेट्यात हा प्रकार मागे पडला. माझ्या मते प्राथमिक शाळेच्या नित्य तासासाठी तोच सर्वांत शहाणपणाचा आहे. जो प्रथम पकडला जातो त्याला बाहेर बसविणे म्हणजे वाचता न येणाऱ्या मुलाच्या हातून पुस्तक काढून घेणे होय. लंगडीतही बाद झालेल्या मुलाने मैदानास एक फेरी मारून पुन्हा आत यावे, असा नियम करता येईल. एका मोठ्या खो-खोऐवजी पाच-पाच मुलांच्या पाटीचे तीन लहान खो-खो मांडावेत. त्यास खांब नसले तरी चालते. चुन्याची रेघ पुरते.

मुलींसंबंधी मला अधिक काळजीने बोलावयाचे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधकांनी शाळेत जाणाऱ्या ११ ते १७ वर्षांच्या मुलामुलींचा एक मोठा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध केला. २०१६ पर्यंतच्या माहितीवरून जगातील सुमारे ८१ टक्के मुलांना दररोज एक तासाची पुरेशी शारीरिक हालचाल घडत नाही, असे त्यात दिसले. भारताचा आकडा सुमारे ७४ टक्के, म्हणजे जगाच्या मानाने बरा निघाला. आपल्या मुली इतर अनेक देशांतील मुलींहून अधिक हालचाल करतात, याचे संभाव्य कारण म्हणून त्या अभ्यासकांनी घरकामाचा उल्लेख केला आहे. बंधुभगिनींनो, येथे गावातील शिक्षकाने संशोधकाला थांबवून काही सांगितले पाहिजे. जी मुलगी पाण्याचे हंडे वाहते व धाकट्या भावंडास कडेवर घेऊन फिरते, ती तक्त्यात 'सक्रिय' ठरेल. पण ती खेळलेली नाही. हा भेद आपणांस दिसतो, कारण सहावीतली कोणती मुलगी गेल्या वर्षी पळत होती आणि यंदा मैदानाच्या कडेला दप्तर सांभाळत बसते, हे आपणांस नावानिशी ठाऊक असते.

ती का बसते, हे मात्र गृहीत धरू नये, विचारावे. शक्य तर शिक्षिकेने विचारावे, आणि मातांच्या बैठकीतही हा विषय काढावा. कोठे मैदान पारासमोर असते व पारावर मोठी माणसे बसलेली असतात. कोठे गणवेश अडचणीचा असतो. कोठे खेळाचा तास शेवटचा असतो आणि त्या वेळी मुलीचे चित्त घराकडे लागलेले असते. शेवटच्या कारणावर तर वेळापत्रकात एक फेरबदल केला तरी पुरे. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीस झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकात भारताच्या महिला संघाने अजिंक्यपद मिळविले. त्या संघाची कर्णधार प्रियांका इंगळे आपल्या महाराष्ट्रातील आहे. तिचे छायाचित्र भिंतीवर अवश्य लावावे. परंतु छायाचित्र लावून पाराकडील बाजूस आडोसा होत नाही. त्यासाठी शाळा व्यवस्थापन समितीत ठराव मांडावा लागतो आणि गावातील तरुण मंडळाला कामास लावावे लागते. मंडळाची मुले मैदान आखून देण्यास सहसा नाही म्हणत नाहीत. सायंकाळी तेच मैदान त्यांना हवे असते.

करावयाचे काम थोडके आहे. आठवड्यातून एकदा, खेळाच्या तासाची दहा मिनिटे, तीन मुले डोळ्यांसमोर ठेवावीत : एक चपळ, एक मागे राहणारे आणि एक मुलगी. दर मिनिटास प्रत्येक जण हालचालीत आहे की उभा आहे, याची वहीत खूण करावी. द्विशिक्षकी शाळेत हे काम सातवीतील एखाद्या मुलाकडेही सोपविता येईल. त्यात त्याचे गणितही होते. दोन आठवडे आहे तसाच खेळ चालू ठेवून नोंद करावी. मग एकच बदल करावा, आणि पुन्हा दोन आठवडे नोंदवावे. एकाच वेळी चार बदल केले तर कशाने काय घडले, ते कळणार नाही. यालाच कृतिसंशोधन म्हणतात.

यासाठी कोणताही छापील नमुना मी पाठविणार नाही. आपणांकडे नमुने पुष्कळ झाले आहेत. पुढील महिन्याच्या परिषदेस येताना वहीची ती पाने तेवढी बरोबर आणावीत. ज्यांच्या नोंदीत बदल करूनही फरक पडलेला नसेल, त्यांना मी प्रथम बोलण्यास सांगणार आहे.